सॅम्पल फ्लॅटमधला गुरुवार

थेरगावात मी फ्लॅट विकायचो, खरं तर नुसते दाखवायचो. दर गुरुवारी, आपल्या कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, एक काका बायकोला घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये हजर व्हायचे. चपला दाराबाहेर काढून सोफ्यावर मांडी ठोकून बसायचे, एसी वाढवायला लावायचे आणि आमचा फुकटचा चहा बशीत ओतून फुरफुरत प्यायचे.

शेवटी मी वैतागलो. "काका, फ्लॅट घ्यायचाय का नक्की?"

"न्हाई राव. बागेत तिकीट लागतं, मॉलमधी हिला भूक लागते. हितं गारवा हाय, चहा हाय, वर तू साहेब म्हणतो. तू कुठं राहतो?"

"दिघीत. भाड्याच्या खोलीत."

काका सोफ्यावर जरा सरकले. "मग उभा का? बस की."

दोन वर्षांत त्या सोफ्यावर मी पहिल्यांदा टेकलो. पाहुण्याला द्यावा तसा काकूंनी आमचाच चहा माझ्यापुढं केला.