टोपी धरून काढायची

माझा दादा किल्ल्या करतो. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं, एवढीच जागा. किल्ली हरवली, कुलूप गंजलं, दार आपोआप लागून माणूस बाहेर अडकला, की लोक त्याला बोलावतात. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडल्यामुळे त्याचा स्वतःच्या कुलपावर काडीचा विश्वास राहिलेला नाही. म्हणतो, "मला गिऱ्हाइकासमोर जरा कष्ट केल्यासारखं दाखवावं लागतं, म्हणून वेळ लागतो. चोराला ती भानगड नसते."

हा अविश्वास कुलपावर थांबला असता तर काही म्हणणं नव्हतं. पण दादा औषधाच्या बाटलीचं झाकण आधी कुणी उघडलं होतं का ते नखाने तपासतो. एका डॉक्टरांनी काय लिहून दिलंय ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारतो आणि दोघांचं जुळलं तर म्हणतो, हे दोघे मिळालेले आहेत. घरातल्या कपाटाची दुसरी किल्ली त्याने कधी वहिनीलाही दिली नाही. वहिनीने त्यावर एकदाच भांडण केलं आणि मग कपाटात काही ठेवणंच बंद केलं.

आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला त्यानेच वाढवलं. माझी वेणीसुद्धा त्याने घातली आहे, वाकडी का होईना. माझं माहेर म्हणजे दादा, दुसरं कुणी नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्याने एका ओळखीच्या माणसाची गाडी मुद्दाम वायर ढिली करून माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या गॅरेजवर पाठवली, हा किती उकळतो ते बघायला. माझ्या नवऱ्याने वायर घट्ट केली आणि पैसे न घेता गाडी परत पाठवली. दादा बराच वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, "त्याने आपल्याला ओळखलेलं दिसतंय."

तरी लग्न झालं. दादाची जुनी पेट्रोल गाडी आमच्याच गॅरेजवर येऊ लागली. मागच्या सीटवर त्याचं किल्ल्या घासायचं मशीन असतं आणि डिकीत कुलपांचा ढीग. ती गाडी म्हणजे त्याचं दुसरं दुकानच. माझा नवरा जीव लावून तिचं काम करायचा, दादा शेजारी स्टुलावर बसून त्याच्या हाताकडे बघायचा. चहा यायचा, गप्पा व्हायच्या. बरं चाललं होतं.

मग गाडी मिसिंग करायला लागली. इंजिन एक ठोका चुकवतं, गाडी आचके देते, त्याला गॅरेजमध्ये मिसिंग म्हणतात. प्लगला वीज नेणाऱ्या चारही वायर गाडीच्या जन्मापासूनच्या होत्या, त्या वयोमानाने गेल्या होत्या. माझ्या नवऱ्याने चांगल्या कंपनीच्या नव्या वायर घातल्या. दादा खूश होऊन गेला आणि थोड्याच दिवसांत गाडी आचके देत परत आली. नव्या वायर बाद.

"असा नग निघतो एखादा," नवरा म्हणाला आणि दुसरा संच घातला. तोही गेला. मग त्याने गाडीच चाचपायला घेतली. इंजिनवरचं तेल झिरपून वायरचं रबर भिजतंय का? त्याने गॅस्केट बदललं. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपला वायर टेकतायत का? त्याने त्या क्लिपा लावून वर बांधल्या. इंजिनचं माउंटिंग बसलं असेल, इंजिन हलून वायर घासत असतील, म्हणून तेही नवीन टाकलं. तिसरा संच घातला. तिसराही गेला.

दादाच्या मनात पाल चुकचुकली ती इथे. मला दुकानात बोलावून, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून म्हणाला, "जुन्या वायर इतकी वर्षं टिकल्या. तुझ्या नवऱ्याचा हात लागला आणि टिकेनात. कुठेतरी पाणी मुरतंय."

"दादा, तोंड सांभाळ. माझा नवरा आहे तो."

"म्हणून तर तुला सांगतोय, त्याला नाही."

मी तणतणत घरी आले. पण संशय शिंकेसारखा असतो, शेजारच्याला लागतोच. गॅरेजमध्ये मागच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. एका दुपारी मी तो उघडला. आत दादाच्या गाडीतून काढलेल्या सगळ्या वायर नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या. बाद झालेल्या वायर माणूस फेकून देतो. या का ठेवल्या? पुसून पुन्हा घालायला? मला स्वतःची लाज वाटली, तरी मी कंपनीचे रिकामे खोके शोधले, त्यांच्यावरचे शिक्के बघितले. त्या आठवड्यात मी नवऱ्याला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघत होते, जणू तिथे काही लिहिलेलं असणार होतं.

मग ते झालं. एका घरात लहान मूल आत आणि आई बाहेर, दार लागलेलं, गॅसवर दूध. दादाला फोन आला. तो निघाला आणि पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. मशीन तिथेच सोडून, हत्यारांची पिशवी घेऊन हा माणूस या वयात पळत गेला. पोचला तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. मूल हसत होतं, दूध करपलं होतं, आणि त्या आईने दादाला विचारलं, "आता कशाला आलात?"

हे दादाच्या जिव्हारी लागलं. गाडी ओढून आणली ती थेट आमच्या गॅरेजसमोर. तिथे शेजारचा सीट शिवणारा होता, दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर दादा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "मेहुणे, जगाने मला फसवलं नाही, तुम्ही मात्र टोपी घातलीत. नात्यातली गाडी, तिला कोण बोलणार, असंच ना?"

माझा नवरा नुसता हात पुसत राहिला. दादा माझ्याकडे वळला. "धाकटे, तुझं घर तुला लखलाभ. माझ्या घरी यायचं तर खरं काय ते विचारून ये. नाहीतर येऊ नकोस."

माझं माहेर त्या वाक्यात बंद झालं. संध्याकाळी मी तो डबा नवऱ्यासमोर आपटला. "हे काय आहे? बाद वायर कशाला साठवल्यात? खरं सांगा, दादाला जुन्याच घालत होतात ना?"

 एवढं दुखावलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"तूसुद्धा?" एवढंच म्हणाला. मग त्याने एक वायर घेतली, ब्लेडने टोपीजवळ उभी चिरली आणि उघडून दाखवली. वायरच्या टोकाला रबराचं टोपण असतं, ते प्लगवर बसतं. आमच्या गॅरेजमध्ये त्याला टोपीच म्हणतात. वायरच्या आत काळा धागा होता आणि तो टोपीच्या तोंडाशी तुटलेला होता. बाहेरून वायर नवीकोरी.

"जुन्या वायरमध्ये तांब्याच्या तारा असायच्या," तो म्हणाला. "या नव्यांत कार्बनचा धागा असतो, गाडीतल्या रेडिओची खरखर होऊ नये म्हणून. ओढलं की तुटतो. सगळ्या अशाच तुटल्यात. कुणीतरी टोपी न धरता वायर ओढून काढतंय, परत परत. मी नाही ओढत, ते तुला माहीत आहे."

माहीत होतं. टोपी धरून काढायची, वायर ओढायची नाही, यावरून तो येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडतो.

"मग कोण ओढतंय?"

"तुझा दादा दुसऱ्या कुठल्यातरी गॅरेजला गाडी दाखवतो. माझं काम तपासायला. लग्नाआधी केलं होतं तेच." ती परीक्षा त्याने खरंच ओळखली होती तर!

"मग त्याला विचारायचं ना!"

"मी कशाला विचारू? विश्वास नसेल तर नसू दे." डब्याचं झाकण त्याने इतक्या जोरात लावलं की ते वाकडं बसलं.

म्हणजे एक म्हणतो हा फसवतो, दुसरा म्हणतो तो तपासतो, दोघेही तोंड शिवून बसलेत आणि मधल्यामधे माझा जीव टांगणीला. मला दोघांचाही असा राग आला, की चिरलेली वायर पदरात घेऊन मी तशीच दादाकडे निघाले. येऊ नकोस म्हणाला होता. बघू कसा हाकलतो!

दादा अजून यायचा होता. वहिनीने मला आत घेतलं, काही न विचारता. थोड्या वेळाने खालून गाडीचा खोकल्यासारखा आवाज आला, बॉनेट उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. आमच्याकडून ओढून नेलेली गाडी त्याने कशीबशी दुसऱ्या कुणाकडून चालू करून घेतली होती. दादा आत आला, मला बघून दारातच थबकला, आणि त्याने हातातली फडक्याची गुंडाळी पाठीमागे लपवली.

"ते काय आहे?"

"काही नाही. तुला काय करायचंय?"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "दाखव की. बहीण आहे ती, दरोडेखोर नाही." मग मलाच म्हणाली, "गाडीच्या वायर आहेत. रोज संध्याकाळी चारही उपटून घरात आणतो आणि दारामागच्या खिळ्याला टांगतो. सकाळी परत लावतो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. आम्ही कुणाजवळ बोलायचं नाही अशी ताकीद आहे."

मी दारामागे पाहिलं, तिथे खिळा होता.

"गाडीचं कुलूप म्हणजे पोरखेळ," दादा चिडून म्हणाला. "वायर नसल्या तर कुणाचा बापही गाडी नेणार नाही. इतकी वर्षं काढतोय. जुन्यांना कधी काही झालं नाही."

"आणि हे तू गॅरेजमध्ये का सांगितलं नाहीस?"

दादाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच वेडी आहे. "गॅरेजमध्ये कसं सांगणार? गाडी न्यायला लागणाऱ्या जास्तीच्या वायर कुणाकडे असतात? तुझ्या नवऱ्याकडेच ना?"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. 

"कशी काढतोस ते दाखव," मी म्हणाले.

आम्ही खाली गेलो. त्याने एक वायर परत लावली, मुठीला वेढा दिला आणि हिसडा मारला. टोपी प्लगवरून टपकन सुटली. मी पदरातली चिरलेली वायर त्याच्या हातात ठेवली आणि आतला धागा दाखवला. काय, कसं, का, काही सांगावं लागलं नाही. आयुष्यभर तो कुलपातल्या बारीक पिनांवर बोटं फिरवत आलाय. तुटलेल्या टोकावर त्याने अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग तिथेच बंपरवर बसला.

"सगळ्यांसमोर बोललो ग मी त्यांना," म्हणाला. दादाचे डोळे भरलेले मी त्याआधी फक्त माझ्या पाठवणीच्या वेळी पाहिले होते.

पुढे काही दिवस त्याचा पत्ता नव्हता. मला वाटलं, तोंड दाखवायला लाजतोय. मग एका सकाळी गॅरेजमध्ये आला. सीट शिवणारा तिथेच होता, त्याला दादाने हात धरून जवळ आणलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी म्हणालो होतो, मेहुण्यांनी टोपी घातली. टोपी त्यांनी नीटच घातली होती. मलाच ती धरता येत नव्हती." सीट शिवणाऱ्याला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने मान हलवली.

मग दादाने खिशातून एक कुलूप काढलं. बॅटरीची वीजच तोडणारं, स्वतःच्या हाताने बनवलेलं, दोन किल्ल्यांचं. "हे बसवा. म्हणजे वायर काढायला नकोत." माझ्या नवऱ्याने मुकाट्याने ते बसवलं. काम झाल्यावर दादाने एक किल्ली आपल्या खिशात टाकली. दुसरी बराच वेळ चिमटीत धरून ठेवली आणि मग माझ्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"ही तुमच्याकडे राहू द्या."

माझा नवरा साधा माणूस. त्याने ती किल्ली घेतली आणि पान्यांच्या शेजारी, रस्त्यावरून सगळ्या जगाला दिसेल अशा खिळ्याला अडकवून टाकली.

दादाने ते पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. हात खिळ्याच्या दिशेने अर्धा वर गेलासुद्धा.  मग त्याने तो हात खाली घेतला, स्टूल ओढलं, खिळ्याकडे पाठ करून बसला आणि मला म्हणाला, "धाकटे, चहा आण. आणि उद्या जेवायला घरी या, दोघंही."