बोर्डावरची तिसरी ओळ

मल्हारगंजात आज एक दुकानदार पाटी रंगवून घेत होता, आणि त्या ऑइल पेंटच्या वासाने मला सिमरोलच्या पुढचं ते मानसोपचार केंद्र आठवलं, जिथे मी चार महिने भरती होते. गोळ्यांमुळे तेव्हा सकाळ आणि दुपार सारखीच वाटायची. एके दिवशी सिस्टरने आईचं पत्र आणून दिलं, ते फोडलेलं होतं. "आई बरी आहे तुमची, टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली. मी पत्र उशीखाली ठेवलं. मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही टीचर ना, अक्षर मस्त आहे तुमचं. उद्या चेकिंगवाले येताहेत, तो मरीजांच्या अधिकारांचा बोर्ड जरा नवा लिहून द्या." मी कागदात बघून एकेक ओळ लिहीत गेले. तिसरी होती, 'मरीज की चिट्ठी खोली नहीं जाएगी'. त्यातला 'नहीं' माझ्याकडून राहिला. मुद्दाम राहिला का, ते मला तेव्हाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी चेकिंगला आलेल्या साहेबांनी त्या बोर्डापाशी उभं राहून फोटो काढला, अक्षराची तारीफ केली आणि चहा पिऊन गेले. बोर्ड तसाच राहिला. त्याला आता सहा वर्षं झाली. आज घरी पोचले तर दारात कुरियरवाला उभा होता. त्याने दिलेला लिफाफा मी नेहमीसारखा नवऱ्यासमोर धरला. "अगं, तुझ्या नावाचा आहे," तो म्हणाला, "तू फोड ना."