चौदा वेळा पडलेला पैलवान

पैलवानाची पाठ लावण्याआधी माती त्याची परवानगी मागते. हे वाक्य एका फ्लेक्सवर छापलेलं होतं. तो फ्लेक्स माझ्या काउंटरवर अंथरून दिलीप मला विचारत होता, कसा वाटतो. मी छान म्हटलं. फ्लेक्सबद्दल खरं बोलायचा आमच्या धंद्यात रिवाज नाही. अडचण एवढीच होती, की त्याच वेळी आतल्या खोलीतल्या मॉनिटरवर त्याचे काका, किसन पैलवान, पडत होते. मातीने काही विचारलेलं दिसत नव्हतं.

नांदेडला माझा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर चालतं. पण गेली काही वर्षं जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं कामही येतं. त्याला आम्ही कॅप्चर म्हणतो. कॅसेट प्लेयरमध्ये घालायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि बसायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. ती आपल्या चालीने चालते, तिला हाकता येत नाही. दुपारी पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, आणि समोर पस्तीस वर्षांपूर्वीचा फिकट उजेड. मेलेली माणसं लाडू वळतात, फेटे बांधतात, कॅमेऱ्याकडे बघून लाजतात. अशा दुपारी मला बाहेरच्या जगाची फारशी गरज वाटत नाही.

या सहा कॅसेट दिलीपच्या काकू, गयाबाई यांनी आणल्या होत्या. हदगावकडच्या एका गावाहून पहिल्या गाडीने त्या आल्या. सत्तरीच्या आत-बाहेरची, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. पैलवान वर्षापूर्वी वारले. त्यानंतर ट्रंक उपसली तेव्हा तळाशी जुन्या लंगोटात गुंडाळलेल्या या कॅसेट सापडल्या. घरात प्लेयर कधीच नव्हता. म्हणजे त्या माणसाने स्वतःचे सिनेमे जपून ठेवले होते आणि कधी बघितले नव्हते. बायकोलाही बघू दिले नव्हते. तालुक्याच्या टॉकीजला त्यांचा सिनेमा लागला, की ते घरच्यांना त्या आठवड्यात बाजारालासुद्धा पाठवत नसत.

हकिकत अशी. किसन पैलवान लातूरच्या एका तालमीत वाढले. खंडू वस्ताद त्यांचे गुरू. दहा-बारा वर्षं त्यांनी जत्रांचे फड गाजवले आणि त्यांना कोणी चीत केलं नाही. चीत म्हणजे पाठ जमिनीला लावणं. कुस्तीचा सगळा हिशेब तेवढाच. तालमीच्या भिंतीवर अशा न हरलेल्या पठ्ठ्यांचे फोटो असत, त्यात त्यांचाही लागला. मग ऐन उमेदीत एका सीझनला ते फडात उतरलेच नाहीत. त्याच सुमाराला माहूरकडे एका सिनेमाचं शूटिंग आलं होतं. युनिटला धिप्पाड माणसं हवी होती. पैलवान त्यांच्यासोबत गेले, ते दहा वर्षांनी परत आले. त्या काळात त्यांनी नऊ सिनेमांत काम केलं. काम म्हणजे खलनायकाच्या मागे उभं राहायचं, डावीकडून दुसरं किंवा तिसरं, आणि शेवटी हीरोच्या हातून पडायचं. सिनेमांची नावं सांगत नाही. सांगितली तरी कुणाला आठवणार नाहीत.

लातूरला ही बातमी पोचली त्या दिवशी वस्तादांनी फोटो उतरवला आणि त्यांच्या गावी पाठवून दिला. रिकाम्या खिळ्यावर खताच्या कंपनीचं कॅलेंडर आलं.

गयाबाईंना तो फोटो परत भिंतीवर हवा होता. दुसरं काही नको होतं. पैलवान शेवटच्या आजारात दोनदा त्या भिंतीबद्दल बोलले होते, एरवी बोलायचेच कमी. तेराव्यानंतर त्या लातूरला जाऊन आल्या. वस्तादांनी पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, की पैसे घेऊन पाठ विकलेल्या माणसाचा फोटो तिथे लागत नसतो. नंतर कॅसेट सापडल्या तेव्हा बाईंना आशा वाटली. मला म्हणाल्या,

"भाऊ, एवढे शिनेमे केले. कुठंतरी एकदा जिंकले असतील की. तेवढं काढून द्या."

दिलीपला मात्र कार्यक्रम हवा होता. वर्षश्राद्धाला गावात मंडप, मोठा स्क्रीन, पाच मिनिटांची फिल्म आणि खाली त्याचं स्वतःचं नाव. तो जिल्हा परिषदेच्या तयारीत होता. मेलेला पैलवान काका तिकिटाच्या कामी येतो, जिवंत काका औषधाला पैसे मागतो. हे तो बोलला नाही, पण फ्लेक्सवर काका पासपोर्टएवढे होते आणि पुतण्या पुरुषभर.

मी चार दिवस कॅप्चर केलं. दोन कॅसेटना बुरशी लागली होती. त्या उघडून टेप हाताने पुसावी लागली. नऊ सिनेमे बघितले. पैलवान चौदा वेळा पडतात. विहिरीच्या काठावर, बाजारात, केळीच्या गाडीवर, वाड्याच्या पायऱ्यांवर. एकदाही जिंकत नाहीत. एका सिनेमात ते हीरोला क्षणभर डोक्यावर उचलतात, तेवढ्यात हीरोचा कुत्रा येतो.

हे दिलीपला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मग पडायच्या आधी कापा की. आणि एखादं उलटं फिरवलं तर? पडलेला माणूस उठून राहिला असं दिसंल."

मी ते केलं. बाईंकडे बघून केलं असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्येक मारामारी पैलवानाचा ठोसा बसेपर्यंत ठेवली आणि पुढची कापली. हीरो मागे सरकतो, कट. हीरो कोलमडतो, कट. वर हलगी लावली. दोन मिनिटं दहा सेकंदांत किसन पैलवान अजिंक्य झाले. एडिटिंगमध्ये हे काहीच अवघड नाही. लग्नाच्या फिल्ममध्ये रुसलेले व्याही आम्ही रोज हसवतो.

मग गयाबाईंना माझ्या गाडीत घेऊन लातूरला गेलो. दिलीपला मीटिंग होती.

तालमीला लागून एक लांबट खोली आहे. एका बाजूला ती फोटोंची भिंत, मधोमध कॅलेंडर. दुपारची वेळ, मुलं गेलेली. आखाड्यातून ताक-हळद घातलेल्या मातीचा वास येत होता. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत उतरला होता आणि त्यात धूळ इतकी सावकाश फिरत होती, की मला वाटलं इथेसुद्धा कोणीतरी स्पीड कमी करून ठेवलाय. वस्ताद खाटेवर बसले होते. नव्वदीकडे झुकलेला देह, दोन्ही कान कुस्तीत चेंबलेले. मी लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला आणि माझी फिल्म लावली.

त्यांनी ती जेमतेम अर्धा मिनिट बघितली.

"कापलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, थोडं एडिटिंग केलंय.

"टाच बघा त्याची. उचलल्याली हाय. टाच उचलल्याला गडी जिंकत नसतो, पडायच्या वाटंला लागल्याला असतो. पुढचं कुठाय?"

पुढचं होतं. मी कच्चं फुटेजही सोबत ठेवतो, सवयच आहे. गयाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी हलगी बंद केली आणि चौदाही पडणी पहिल्यापासून लावली.

बाई नवऱ्याला पहिल्यांदाच पडद्यावर बघत होत्या. वस्तादांनी चाळीसेक वर्षांत त्याला बघितलेलंच नव्हतं. विहिरीच्या काठावर हीरोने ठोसा मारला, पैलवान हवेत गेले. वस्ताद म्हणाले, सावकाश करा. मी एकेक फ्रेम पुढे नेऊ लागलो. फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस असतात. त्या चालीने बघितलं, की पडणं हे पडणं राहत नाही. तो प्रचंड देह पिंपळाचं पान उतरावं तसा उतरत होता. शर्ट फुगलेला, केस मागे, डोळे मिटलेले. जमीन खालून हळूच वर येत होती. गयाबाई प्रत्येक वेळी पदर दातांत धरायच्या आणि देह जमिनीला लागला, की सोडायच्या.

"थांबा," वस्ताद म्हणाले. "मागं घ्या. आता पुढं. बघा."

मला काही दिसेना.

"कूस," ते म्हणाले. "कुशीवर आला गडी. खांदा टेकला, पाठ न्हाई."

पुढचं लावलं. बाजारातलं. तिथेही शेवटच्या चार फ्रेममध्ये पैलवानांनी हवेतल्या हवेत कंबर वळवली होती आणि डाव्या कुशीवर आले होते. केळीच्या गाडीवर, उजवी कूस. पायऱ्यांवर, गुडघा आणि कोपर. मी हेच फुटेज चार दिवस बघितलं होतं आणि मला फक्त एक माणूस पडताना दिसला होता. आता मला आठवलं, की एका कॅसेटच्या शेवटी शूटिंगचाच कच्चा तुकडा राहून गेला होता आणि त्यात सीन संपल्यावर कोणीतरी ओरडत होतं, "अरे सीधा गिर ना!" मी ते वस्तादांना सांगितलं. ते खाटेवरून उठून टीव्हीसमोर जमिनीवर येऊन बसले. फडात पंच बसतो तसे, एक हात मातीला टेकवून. तिथे फरशी होती.

तेरा झाली. एकातही पाठ लागली नव्हती.

चौदावं पडणं एका गोदामातलं. पैलवान पिंपांच्या रांगेमागे उताणे जातात आणि कॅमेऱ्याला पिंपांच्या मधून त्यांचा थोडाच भाग दिसतो. इथे वळणं दिसत नव्हतं. वस्तादांनी ती जागा आठ-नऊ वेळा मागे-पुढे करायला लावली. शेवटी एका फ्रेमवर थांबवलं. पाठ आणि जमीन यांच्या मध्ये केसाएवढी पांढरी रेघ होती.

"हा उजेड हाय का?"

हा प्रश्न मला होता. पाठीखाली उजेड असेल तर पाठ टेकलेली नाही. पण कॅसेट जुनी झाली, की चित्रात अशाच पांढऱ्या रेघा येतात. टेपवरचा लेप खरवडला जातो, त्याला आम्ही ड्रॉपआउट म्हणतो. पुढच्या फ्रेममध्ये रेघ नव्हती. पाठही पिंपाआड गेली होती. गयाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हो म्हणणं सोपं होतं. हलगी लावून एकदा हो म्हणून झालंच होतं.

मी म्हटलं, "वस्ताद, सांगता येत नाही. उजेड असेल, नाहीतर टेपचा खराबा असेल."

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. उन्हाचा पट्टा खाटेवरून भिंतीवर चढला होता. पडद्यावर किसन पैलवान जमिनीच्या वर केसभर अंतरावर थांबले होते आणि आम्ही तिघं त्यांना खाली टेकू देत नव्हतो. कोणीही बटण दाबलं नसतं तर ते अजूनही तिथेच असते.

"पंचाला दिसली न्हाई तर कुस्ती न्हाई झाली," वस्ताद अखेर म्हणाले. मग गयाबाईंना, "फोटो आणलाय का?"

पिशवीत होता. वस्तादांनी कॅलेंडर उतरवलं, महिना उलटून बघितला, घडी करून उशाखाली ठेवलं. फोटो मी लावला, कारण माझा हात पोचत होता. ते म्हणाले, जरा डावीकडं. मग म्हणाले, "मी बघायला जायला पायजे व्हतं टाकीजला. एकदा तरी." गयाबाईंनी भिंतीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

वर्षश्राद्धाला दिलीपने हलगीवालीच फिल्म दाखवली. मी आधी नको म्हटलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी पैलवानांना रुपेरी पडद्यावरचा अजिंक्य मल्ल म्हटलं आणि टाळ्या पडल्या. टाच कुणी बघितली नाही. या प्रकरणातून मी एवढंच शिकलो, की माणूस पडायच्या आधी कट मारू नये आणि पडल्यावरही पाच-सात फ्रेम चालू ठेवाव्यात. आता लग्नातसुद्धा ठेवतो.

लातूरहून परतताना अहमदपूर मागे पडलं तेव्हा मला राहवलं नाही. मी गयाबाईंना म्हटलं, केवढी निष्ठा. दहा वर्षं परक्या मुलखात, कुणी बघत नसताना, या माणसाने वस्तादांची शिकवण पाठीवर जपली. मी बरंच बोललो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि बाई काचेतून ते बघत होत्या.

"तसं असंलबी," त्या म्हणाल्या. "पर त्यांचा मणका सरकला व्हता ना भाऊ. कुस्ती त्याच्यानंच सुटली. कुणाला सांगू नको म्हणले व्हते. पैलवानाची पाठ गेली म्हणलं तर लोक हासतेत."

वस्तादांना का सांगितलं नाही, असं मी विचारलं. वस्तादांनी विचारलंच नाही, असं त्या म्हणाल्या.

"डाक्टरनं दोनच गोष्टी सांगितल्या व्हत्या. उताणं पडायचं न्हाई, आन् वजन कमी करायचं."

वजन त्यांनी शेवटपर्यंत कमी केलं नाही.