शेवंतामावशी काय म्हणाल्या होत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला धड कळत नाहीय.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. काही वर्षांपूर्वी आपल्या शहरात एका परदेशी बँकेची माणसं आली होती, पाण्याच्या योजनेला कर्ज द्यायला. त्यांना दुभाषी हवी होती, मी गेले. कर्जासोबत अट होती — रस्त्यावरचे सार्वजनिक नळ बंद, घरोघरी मीटर, जितकं पाणी तितकं बिल. पण त्यांचाच दुसरा नियम असा, की आधी वस्तीत बसून लोकांचं ऐकायचं. कुणी अडचण सांगितली तर अटीचा फेरविचार करायचा. म्हणजे सगळी भिस्त ऐकण्यावर. आणि ऐकणार कुणाच्या तोंडून? माझ्या!

मुकुंदवाडीत सभा झाली. मांडव, शाल-नारळ, बँकेकडून आलेल्या परदेशी बाईंना हौसेनं फेटासुद्धा बांधला. मग शेवंतामावशी उठल्या. माझ्या आईच्या शेजारीण, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मला त्यांनी कडेवर खेळवलेलं.

"बाई, कोपऱ्यावरचा नळ तेवढा काढू नका. बिल आम्हाला झेपायचं नाय. पाण्याबिगर लेकरं कशी जगवायची?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी — मी सांगितलं, ह्या फार खूश आहेत, पाणी लवकर आणा म्हणतात.

का? देवाशपथ, अजून उमगत नाही. कुणी डोळे वटारले नव्हते, कुणी पढवलंही नव्हतं. आपल्याकडं पाहुण्यांसमोर घरचं रडगाणं गात नाहीत — तसं काही झालं का? फेटा बांधलेल्या बाईला 'नको' कसं म्हणायचं, असं? की मावशींच्या त्या बोलण्याची मला लाज वाटली? की पाण्याची वाट बघून मीच इतकी विटले होते, की म्हटलं, अट तर अट, पाणी तरी येईल? एक दिवस एक खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. डोकं नुसतं भणभणतं.

बाईंनी मावशींचा हात हातात घेतला. मावशींचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आपलं म्हणणं पोचलं.

नळ गेला. मीटर मावशींना परवडलं नाही. आता हंडा घेऊन कुणाच्या ना कुणाच्या दारात उभ्या असतात, त्यांची मर्जी सांभाळत. मी खरं सांगितलं असतं तर नळ राहिला असता? असता. कदाचित नसताही. ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळं.

मागच्या संक्रांतीला आईकडं गेले होते. मावशींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि जमलेल्या बायांना कौतुकानं म्हणाल्या, "या पोरीनं आपली बाजू लई झ्याक मांडली व्हती. त्या बाईनंच ऐकलं नाय. हिचा काय दोष?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणाले, "व्हय मावशी. लई सांगितलं मी."