पाटाएवढी पायरी

माझी मान लहानपणापासूनच खाली. शाळा चौथीपर्यंत झाली, पण तेवढ्या काळात मास्तरांचा चेहरा मी नीट पाहिल्याचं आठवत नाही. त्यांच्या वहाणा मात्र आजही ओळखेन. लग्न होऊन लालबागला आले तीही तशीच, खाली बघत. त्यामुळे लोकांनी पाहिलेली मुंबई आणि माझी मुंबई वेगळी आहे. दुकानांवरच्या पाट्या मला आठवत नाहीत, उंबरे आठवतात. पायऱ्यांचे मधोमध झिजलेले भाग, गटारावर टाकलेल्या फरश्या, ओट्याच्या कडेने सरकणारं ऊन. दुपारी घरात कोणी नसलं आणि डोळे मिटून पडलं की अजून त्या गल्ल्यांतून फिरते. कडेवर मुलगी असते आणि बगलेत पाट.

तो पाट आईमुळे माझ्या बगलेत आला.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण आई गोठ्याच्या पायरीवरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. गावातल्या वैद्याने बांधलं ते वाकडं बसलं. बाळंतपण मुंबईतच झालं. मुलगी रांगायला लागली तरी आजीने तिला पाहिलं नव्हतं. परळच्या इस्पितळातले डॉक्टर आईचा पाय बघतो म्हणाले होते, पण त्यासाठी तिला मुंबईत राहायला हवं. आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. चाळीचा जिना लाकडी, उभा, शिडीच म्हणा ना. संडास गॅलरीच्या टोकाला.

"खुर्चीत बसवून चौघं जण वर आणू की," हे म्हणाले. "मोर्च्यात एवढी माणसं भेटतात, चौघं मिळणार नाहीत?" ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. ह्यांची गिरणीतली पाळी सुटली की हे सभेला जायचे, आणि सगळ्या अडचणींवर ह्यांना माणसं जमवणं हाच एक उपाय सुचायचा.

आईने गावच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला. तो बोटीतून उतरून तसाच आमच्याकडे आला. म्हणाला, "काकी म्हणाली, पडल्यापासून घरात सगळे माका उचलूनच ठेवतत. मी काय भाताची गोण असंय? माझ्या पायान चढाक येयत अशी जागा असली तर येतलंय. नायतर नाय."

"किती चढता येतं तिला?" मी विचारलं.

"पाटाएवढी पायरी चढते म्हणाली. त्याच्यावर पाय उचलत नाही. आणि खाट हवी. जमिनीवर बसली तर उठता येत नाही."

तेव्हा गोष्ट अशी होती की पाटाएवढ्या पायरीची जागा मिळाली तर आई येणार, पाय दाखवणार, नातीला मांडीवर घेणार. नाही मिळाली तर पावसाळा लागला की बोटी बंद, आणि पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं.

आमच्याकडे पाट एकच होता, ह्यांचा जेवायचा. मी तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि शेजारच्या मावशीकडे गेले. ही मावशी आमच्या मजल्यावर खानावळ चालवायची. एकटे राहणारे गिरणीकामगार तिच्याकडे जेवायचे. तिचा आवाज खालच्या दुकानापर्यंत जायचा. माझा माझ्याच कानापर्यंत जायचा नाही.

"चल," ती म्हणाली. "पण तोंड तूच उघडायचं. तोंडात मिठाची गुळणी धरून लॉज मिळत नसतं." तोंड अर्थातच तिनेच उघडलं.

आम्ही दुपारच्या निघायचो, दोन जेवणांच्या मधे. मुलगी ट्रामच्या खडखडाटात माझ्या खांद्यावर झोपायची. तिचं डोकं जड आणि गरम व्हायचं, आणि मलाही अर्धवट झोपेत चालल्यासारखं वाटायचं. दादर, परळ, मग गिरगाव. भिंतींवर गेरूने लिहिलेली मोठमोठी अक्षरं बाजूने सरकत जायची. मी ती वाचत नसे. माझ्या शेजारून आई चालते आहे असं मी मनात धरायचे. तिची काठी, तिचा ओढलेला पाय. एखादी फरशी डुगडुगली की मी थांबायचे. मावशी पुढे जाऊन ओरडायची, "काय झालं गं?" आता हिला काय सांगू, की आई मागे राहिली म्हणून?

दारापाशी पोचलो की मी वाकायचे, पाट पायरीला लावायचे आणि दोन्हींवर तळहात सपाट ठेवायचे. हात तिरका झाला की जागा गेली.

दादरला एका लॉजचे मालक पानाची पिचकारी टाकायला बाहेर आले, तर त्यांच्या पायाशी मी वाकलेली. "अहो, अहो, नमस्कार कसला करता?" ते मागे सरले.

"तुम्हाला नाही करत," मावशी म्हणाली. "तुमची पायरी मोजते. तळमजल्यावर खोली आहे का?"

"खालच्या खोल्या गोदामाला दिल्यात. पाहुणे वर. वर हवा चांगली येते."

"हवेला पाय लागत नाहीत. आमच्या पाहुणीला लागतात."

बाकीच्या ठिकाणीही असंच काहीतरी निघायचं. परळला खोली खाली होती तर मोरी माडीवर. एका धर्मशाळेला पायरीच नव्हती, आत नुसती स्वच्छ गार फरशी. मी तिथे उभी राहून आईला त्या फरशीवरून फिरवूनही आणलं. पण खाट विचारली तर तिथला माणूस म्हणाला, "इथे सगळे देवासारखे जमिनीवरच झोपतात." एका जागी सगळं जुळलं, तर म्हणे बायकांना देत नाही. मावशी म्हणाली, "म्हातारी आहे हो, पळून जाईल कुठे? पळता येत असतं तर तुमच्याकडे आलो असतो?"

एके दिवशी मावशीला निघता येईना. गिरण्या बंद होत्या, तिची सगळी माणसं भरदुपारी घरी आणि भुकेलेली. मी एकटीच गेले. ठाकूरद्वारच्या आतल्या एका गल्लीत, जिथे दोन्हीकडची घरं एकमेकांवर सावली धरतात, तिथे एक खानावळ होती. वर लॉजिंग, आणि मागे अंगणाला लागून तळमजल्याच्या दोन खोल्या. दारातून अंगणातली तुळस दिसत होती. पायरी एकच. मी वाकले, पाट लावला, तळहात ठेवला. हात सपाट राहिला. पुन्हा ठेवला. सपाट. मुलगी जागी झाली आणि तिनेही आपला हात माझ्या हातावर ठेवला.

गल्ल्यावरचे मॅनेजर चष्म्यावरून बघत होते. "बाई, जेवायचं असेल तर आमच्याकडे पाट आहेत. घरून कशाला आणलात?"

आत बसलेले दोघेतिघे हसले. माझे कान तापले. "आई यायची आहे," एवढंच मी म्हणाले. खोली बघू का, हेही मला विचारता आलं नाही. मी नुसती अंगणाकडे पाहत उभी राहिले, तेव्हा ते उठले आणि त्यांनी दाखवली. आत लोखंडी खाट होती. मोरी खोलीतच. संडास अंगणापलीकडे, त्याच पातळीवर, आणि तिथपर्यंत भिंतीने नळाचा पाइप गेलेला, कमरेएवढ्या उंचीवर. मी पाइपाला हात धरून चालून बघितलं. ऊन लागून तो कोमट झाला होता. मला रडू येईल असं वाटलं.

संध्याकाळी हे जाऊन खोली ठरवून आले. पायरी पाटाने मोजून घेतली आहे, असा निरोप गावच्या माणसाबरोबर गेला.

आई आली त्या दिवशी आम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे होतो. दोन खलाशांनी तिला उचलून उतरवलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. धक्क्यावर पाय टेकल्यावर तिने ते उघडले. मुलीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. म्हणाली, "होडयेत उचललां, बोटीत उचललां. आता पुरे. नातीक मी बसान घेतलंय." बसून घेईन. म्हणजे आधी खोलीत जाईन, आपल्या पायांनी, मग.

टॅक्सी ठाकूरद्वारला आली तेव्हा खानावळीत पहिली पंगत बसली होती. आई काठीने पायरीपाशी आली. मी तिच्या पायाकडेच बघत होते. पाय उचलला गेला, पायरीच्या कडेला घासला आणि खाली आला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

मॅनेजर बाहेर आले. हेही पुढे झाले. "आई, एका क्षणाचं काम आहे. धरतो मी."

"हात लावू नको," आई म्हणाली. ती ओरडली नाही. इतकं हळू बोलली की ह्यांनी हात मागे घेतला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खंयच्या पाटान मोजलंस गो?"

मी बगलेतला पाट जुन्या लुगड्यातून सोडवून दाखवला. ह्यांचा पाट, जाड फळीचा, खाली उंच पाय. आई त्याच्याकडे बघत राहिली आणि अचानक हसली, घाम पुसत. "ह्यो तुझ्या बापाशीचो पाट! माझो पाट कधी बघलंस काय?"

तेव्हा मला दिसला. आमच्या घरी पुरुषांचे पाट उंच, पायांचे. त्यांची जेवणं झाली, ते पाट धुऊन भिंतीला लागले, की मग आई चुलीपाशी जेवायला बसायची. तिच्या खाली नुसती एक फळी असायची, तळाला दोन पातळ पट्ट्या ठोकलेली. त्यालाही आम्ही पाटच म्हणायचो. आईने पाट म्हटलं ते स्वतःचा डोळ्यापुढे ठेवून, आणि मी पाट म्हटल्यावर उचलला पुरुषाचा. माझ्या संसारात तर बायकांचा पाटच नव्हता. मी जमिनीवर जेवत होते.

"परत जाऊया," आई म्हणाली. "संध्याकाळी बोट असात." हसू गेलं होतं. काठी वळली होती.

मॅनेजरांचे शब्द मला आठवले म्हणावं, तर तसंही नाही. मला आतली पंगत दिसली. मान खाली असल्यामुळे पंगतीत मला माणसं दिसलीच नाहीत, त्यांच्या खालचे पाट दिसले. सगळे बुटके, नुसत्या फळ्या, एका ओळीत. मुलीला ह्यांच्या हातात देऊन मी आत गेले. परक्या पुरुषांच्या जेवणाच्या खोलीत. वाढपी भाताचं पातेलं घेऊन थबकला.

"एक पाट द्या," मी म्हणाले. आवाज मोठा आला. माझाच होता तो.

सगळ्या पाटांवर माणसं होती, आणि जेवत्या माणसाला पाटावरून उठवू नये हे मला कळत होतं. कोणी हललं नाही. मग टोकाचे एक जाडे गृहस्थ, शर्टाच्या खिशात दोन पेनं असलेले, उजवा हात ताटावर तसाच धरून एका बाजूला कलले आणि डाव्या हाताने त्यांनी खालचा पाट ओढून काढला. "घ्या. माझं बूड जमिनीलाही टेकतं." आणि वाढप्याला, "तू काय बघतोस, ताक वाढ."

मी पाट पायरीपुढे ठेवला. तो बरोबर निम्म्याला आला. आईने आधी काठीने तो दाबून पाहिला, मग एक पाय ठेवला, मग दुसरा. तिथे थांबली. आत जेवण थांबलं होतं, ते मला पाठीला कळत होतं. मग तिने पायरीवर पाय ठेवला, आणि ती आत होती.

खाटेवर बसल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, मांडीवरचं लुगडं सारखं केलं आणि दोन्ही हात पुढे केले. मुलगी आधी तिची नथ ओढायला गेली.

इस्पितळात डॉक्टरांनी पाय वळवून पाहिला. हाड आता सरळ व्हायचं नाही म्हणाले, दुखणं कमी होईल असं काही दिलं. आईला त्याचं फार वाटलं नाही. पाऊस लागेपर्यंत ती त्या खोलीत राहिली. मी सकाळी भाजी-भाकरी घेऊन मुलीसकट जायचे ती दिवे लागायला परतायचे. कधी गल्लीतून घोषणा देत माणसं जायची आणि आई खिडकीतून बघायची.

"काय मागतत ते?"

"मुंबई मागतात."

"एवढी? आणि मिळाली तर ठेवतले खंय?" मग जरा विचार करून म्हणायची, "गावांदे. मागतत तर गावांदे." मिळू दे.

मॅनेजरांनी तो पाट दाराशीच राहू दिला. जाडे गृहस्थ रोज भुईवर बसून जेवत आणि जाताना आईला विचारत, "काय आजी, माझा पाट बरा आहे ना?"

मला सगळ्यात जास्त आठवतात त्या तिथल्या दुपारी. खानावळ निजलेली, भांडी अंगणात पालथी, तुळशीच्या मातीत एखादी चिमणी. मुलगी झोपली की आई उठायची. काठी घेऊन दाराशी जायची, पायरीवरून पाटावर, पाटावरून गल्लीत उतरायची. दोन पावलं इकडे, दोन तिकडे. मग पुन्हा पाटावर, पायरीवर, आत. जरा थांबून परत बाहेर.

"कुठे जायचंय का आई?" मी एकदा विचारलं.

"खंय नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा खाली उतरली.