समोरच्या बुवांचं पान

माझे वडील डबलबारीचे बुवा. डबलबारीत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एक बुवा गातो, दुसरा त्याला गाण्यातच उत्तर देतो, मध्येच टोमणे मारतो, पुराणातला एखादा अवघड प्रश्न टाकतो, आणि समोर बसलेली आमची कोकणातली माणसं ठरवतात की आज कोण भारी पडला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर बोरीवलीत एका सोसायटीचे वॉचमन झाले, पण हँडबिलावर नावाआधी 'बुवा' छापायचं कुणी थांबवलं नाही. त्यांच्यासमोर बसायला बहुतेक वेळा एकच बुवा असत, मुलुंडचे. आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे. त्यांना 'समोरचा' म्हणायचे.

समोरच्यांना माझ्याच वयाची एक मुलगी होती. ते तिला आपल्या मागे, कोरसमध्ये बसवायचे. हातात झांज, कपाळाला बुक्का. मी मात्र आईजवळ, बायकांच्या सतरंजीवर. मी एकदा वडिलांना विचारलं, मी का नाही? ते म्हणाले, "चेडवांचां काम न्हय तां." म्हणजे पोरींचं काम नव्हे ते. आणि समोर ती झांज वाजवत होती! मला तिचा राग यायचा. तिच्या पिवळ्या फ्रॉकचासुद्धा यायचा.

पुढे मी गोरेगावच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले. तिथे एकदा मराठी ऑनलाइन ज्ञानकोशात नोंदी कशा लिहायच्या याची कार्यशाळा झाली आणि मला ते वेडच लागलं. दुपारी लायब्ररी रिकामी असली की मी लिहीत बसायचे. नॅशनल पार्कातली झाडं, खाडीतले मासे. एका दुपारी सहज म्हणून समोरच्यांचं नाव टाकून बघितलं. ते वारून वर्षही झालं नव्हतं.

पान होतं. नाव, गाव, शेरवानीतला फोटो. खाली लिहिलं होतं, 'प्रतिस्पर्धी बुवांना त्यांनी अनेकदा निरुत्तर केले.'

प्रतिस्पर्धी बुवा म्हणजे माझे वडील. त्यांचं नावसुद्धा नाही, नुसते प्रतिस्पर्धी. मी वडिलांचं नाव टाकलं. अशी नोंद उपलब्ध नाही, असं आलं.

त्याच आठवड्यात मी वडिलांचं पान लिहायला घेतलं. घरातली पत्र्याची ट्रंक उपसली. हँडबिलं निघाली, कॅसेटची दोन कव्हरं, मंडळांच्या स्मरणिका, एक काळवंडलेली ढाल. सगळ्याचे फोटो काढून मी पान चढवलं. दुसऱ्या दिवशी एका जुन्या संपादकाने चर्चा पानावर नम्रपणे लिहिलं की हँडबिल ही जाहिरात असते, स्मरणिका कार्यक्रम करणाऱ्या मंडळानेच काढलेली असते, कॅसेटचं कव्हर विकणाऱ्याचं असतं. ज्याचा बुवांशी काही संबंध नाही अशा कुणी, छापील ठिकाणी, त्यांच्याविषयी काही लिहिलं आहे का?

हे मला कळत नव्हतं असं नाही. मुलं प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा मीच त्यांना विचारते, हे लिहिलंय कुणी, त्याचा यात फायदा काय? पण आपल्या बापाच्या बाबतीत कुणी तेच विचारलं की टोचतं.

तीन शनिवार मी दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे चाळत बसले. शास्त्रीय गायनावर कॉलमच्या कॉलम होते. आमच्या बुवांसाठी छोट्या जाहिरातीतली एक ओळ, अमुक हॉल, आज भजनाचा जंगी सामना. तीही जाहिरातच. शेवटी माझं पान उडालं.

मग मी समोरच्यांचं पान पुन्हा उघडलं. या वेळी त्या संपादकाच्या नजरेने. खाली दोन संदर्भ होते. एक हँडबिलाचा फोटो, दुसरा त्यांच्या भाच्याचा ब्लॉग. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून पाणी पिऊन आले. परत येऊन पान काढून टाकावं असा प्रस्ताव लावला. कारण लिहिलं, 'विश्वासार्ह स्रोत नाहीत.' आठवडाभर चर्चा उघडी होती. कुणीच काही बोललं नाही. पान गेलं.

घरी येऊन जेवताना वडिलांना सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

"तेचां पान ग्येलां?"

"हो."

"बरां झालां," ते म्हणाले, आणि भाकरीचा आणखी एक तुकडा मागून घेतला. आमटीत तो बुडवताना त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी पूर्वी हॉलमध्ये बघितलं होतं, समोरचा अडकला की यायचं ते. ऐंशी पार केलेल्या माणसाच्या तोंडावर ते मला बघवेना. समोरचा माणूस तर आता नव्हताच.

"आता माझां कधी येतलां?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बघते."

महिनाभराने लायब्ररीत एका बाईंचा फोन आला. मुलुंडहून बोलत होत्या. एका मंडळाच्या सेक्रेटरींनी माझा नंबर दिला होता. "तुम्हाला ते ऑनलाइन ज्ञानकोशाचं कळतं म्हणे. माझ्या बाबांचं पान होतं, कुणीतरी काढलं. मला काही समजतच नाही हो." मग त्यांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही ओळखत असाल. तुमचे बाबा आणि माझे बाबा..."

"ओळखते," मी म्हटलं. "या शनिवारी."

ती आली. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. केस माझ्याएवढेच पांढरे, रंगवलेले नव्हते. "आपण लहानपणी बघितलंय एकमेकींना," ती म्हणाली. "तुम्ही आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचात. मला इतका हेवा वाटायचा. मला झोपू द्यायचेच नाहीत, झांज वाजव म्हणायचे."

मी चहा मागवला.

ते पान तिने स्वतः लिहिलं होतं. मोबाइलवर, एका बोटाने, शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसून. वडील गेल्यानंतर दोन महिने तेच करत होती. मग तिने पिशवीतून एक जाड फाइल काढून टेबलावर ठेवली.

तिच्या आईची फाइल. आई सातवी शिकलेली. पेपर रद्दीत जाण्याआधी नवऱ्याबद्दल जिथे जे छापून आलं असेल ते कात्रीने कापायची, वहीच्या कागदावर खळीने चिकटवायची आणि कडेला बॉलपेनने पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहायची. पान क्रमांकसुद्धा! लायब्ररीचा कोर्स करून माझ्याकडे कामाला आलेल्या पोरी एवढं नीट करत नाहीत. मी एक एक कागद उलटत गेले. समोरच्यांना टाळ्या मिळाल्या, कॅसेटी मिळाल्या, त्याचं एवढं नाही वाटलं. त्यांच्यासाठी कुणीतरी कात्री घेऊन बसलं होतं, ते सहन होईना. माझ्या आईला बाऱ्यांचा वैताग होता. गणपतीत नवरा घरी नाही, म्हणून ती सगळे पेपर रागाने रद्दीवाल्याला द्यायची. आणि मी? मी तरी काय जपलं होतं?

मध्येच एका रविवारच्या पुरवणीतला अर्ध्या पानाचा लेख निघाला. कुणा वार्ताहराने घाटकोपरच्या एका बारीला जाऊन लिहिलेला. फोटोत दोघे, पेट्या पुढे घेऊन. माझे वडील हात वर करून गातायत आणि समोरचे मान खाली घालून हसतायत. लेखात वडिलांचं नाव, गाव, गिरणी, आणि त्यांच्या वरच्या सुराबद्दल चांगल्या सात-आठ ओळी. मी तीन शनिवार जे शोधत होते ते हे.

"आईने तुमच्या बाबांची बाजू कापली नाही," ती म्हणाली. "फोटो कापला तर बातमी अर्धी होते म्हणायची."

मी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ते पान काढायचा प्रस्ताव मी लावला होता."

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"मीच. संदर्भ नव्हते ना. नियम आहे तसा."

"नियम नाही विचारला मी." तिचा आवाज चढला. वाचनकक्षातल्या दोघांनी वर पाहिलं. "हँडबिल चालत नाही हे मला आधी सांगितलं असतं तर? फाइल घरात होती! विचारायचं तरी एकदा."

"माझ्या बाबांचं पान उडालं होतं," मी म्हटलं. ऐकायला ते जेवढं वाईट होतं तेवढंच बोलायलाही होतं.

"अच्छा." तिने फाइल बंद केली, पिशवीत घातली. चहा अर्धा तसाच राहिला. "आणि मी कुणाकडे मदत मागायला आले, वा!" असं म्हणून ती निघून गेली.

चार दिवसांनी तिने व्हॉट्सॲपवर कात्रणांचे फोटो पाठवले. एक शब्द नाही, नुसते फोटो. रविवारच्या लेखाचाही होता, पण कागद मधोमध दुमडून काढलेला. माझ्या वडिलांची बाजू आत गेली होती. मी कितीतरी वेळ त्या घडीकडे बघत बसले. मग तिच्या वडिलांचं पान परत आणण्यासाठी प्रचालकांना, म्हणजे पानं काढायचा-ठेवायचा अधिकार असलेल्यांना, विनंती लिहिली, सगळे संदर्भ नीट लावले, 'प्रस्ताव माझाच होता, घाई झाली' असंही लिहिलं. पान परत आलं, पूर्वीपेक्षा मोठं झालं.

लेखाची तारीख मात्र माझ्या डोक्यात बसली होती. तिच्या आईच्या बॉलपेनमधली. पुढच्या शनिवारी त्याच ग्रंथालयात जाऊन तो गठ्ठा मागवला. आधीच्या फेऱ्यांमध्ये मी रविवारच्या पुरवण्या काढल्याच नव्हत्या, त्या वेगळ्या बांधलेल्या होत्या. त्यात ते अर्धं पान होतं. आता नेमकं काय शोधायचं ते माहीत असल्याने आणखी एक छोटी बातमीही सापडली. वडिलांचं पान त्या दोन संदर्भांवर उभं राहिलं. सहा ओळींचं आहे, पण टिकलंय.

मी ते मोबाइलवर मोठं करून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं, मग म्हणाले, "तेचां दाखय." दाखवलं. बोटाने वर-खाली करत त्यांनी ती दोन्ही पानं बघितली आणि म्हणाले, "तेचां लांब आसा." जेवताना पुन्हा तो विषय काढला नाही, पण त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

गेल्या महिन्यात वडिलांच्या पानात कुणीतरी बदल केल्याची सूचना मला आली. त्यांच्या गावाच्या नावात मी वेलांटी चुकवली होती, ती दुरुस्त केली होती, आणि पुढे एक नवा संदर्भ जोडला होता, तारीख आणि पान क्रमांकासकट. सदस्यनाव तिचं होतं. पहिल्यांदा मला रागच आला, माझ्या बापाच्या गावाचं नाव ही मला शिकवणार! तो बदल उलटवून आधीचं परत आणावं म्हणून मी बटणापर्यंत गेले. मग उठून वडिलांचं रेशनकार्ड काढून बघितलं. तिचं बरोबर होतं. मी तो बदल तसाच ठेवला आणि तिला व्हॉट्सॲपवर 'धन्यवाद' असं लिहून पाठवलं. तिने ते वाचल्याची खूण आली. उत्तर अजून आलेलं नाही.