प्लास्टिकमधली टीसी

माझा स्वभाव मुळातच घाबरट. त्यात प्रवेशाची खिडकी दिसली की तळहाताला घाम सुटतो. आता एम.एस्सी. होऊन पीएच.डी.च्या प्रवेशाला निघाले आहे, अर्ज भरून झालाय, तरी फाइल सकाळपासून चारदा उघडून पाहिली. मार्कलिस्ट, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर, गॅप नसल्याचं हमीपत्र. प्रत्येक कागद किंचित वाकवून बघते. घरातले हसतात. वाकतोय म्हणजे कागद आहे, एवढंच मला बघायचं असतं.

बी.एस्सी. झाले तेव्हा मला अक्कल नव्हती. एम.एस्सी.ला काय लागतं ते पाठ होतं: पदवीला रसायनशास्त्र हवं, सवलतीतल्यांना पंचेचाळीस टक्के पुरेत. मला अठ्ठावन्न होते. म्हणजे झालंच, असं मी धरून चालले होते. पात्रता आपल्या डोक्यात असते आणि प्रवेश कागदात असतो, हे कळायला नांदेडची खिडकी लागली.

आमचं गाव हिंगोलीकडच्या पुसेगावजवळ. घरी शेती थोडी आणि मेंढरं जास्त. पावसाळा सरला की आबा, म्हणजे माझे वडील, कळप घेऊन बाहेर पडायचे ते महिनोन्‌महिने रानोमाळ. घरात कागद ठेवायला पेटी नव्हती. कागद असायचे आबांच्या घोंगडीत. घोंगडीचं एक टोक दुमडून त्यांनी आतून शिवून घेतलं होतं, त्यात रेशनकार्ड, सातबारा आणि आजोबांच्या शाळेतला एक उतारा. आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते आणि त्या उताऱ्यावर जात लिहिलेली होती. एका अवकाळीत घोंगडी भिजली आणि त्या उताऱ्याचा लगदा झाला. पुढं माझ्या जातीच्या दाखल्यासाठी आबांना त्या बंद पडलेल्या शाळेचं दप्तर शोधत दोन वर्षं फिरावं लागलं. मेंढरू हरवलं तर ते अर्ध्या दिवसात हुडकून आणायचे. कागद काही त्यांच्या हाकेला येत नव्हता.

म्हणून माझा बी.एस्सी.चा निकाल लागला, कॉलेजातून टीसी आणि मार्कलिस्टा मिळाल्या, तसे आबा मला न सांगता हिंगोलीच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि सगळ्याला लॅमिनेशन करून घेऊन आले. अंगणात बादलीभर पाणी आणून त्यांनी माझी टीसी त्यात बुडवून दाखवली.

"बघ माय, आता काय बी होत न्हाई. जनावराला कातडं असतंय, कागदाला काहून नसावं?"

मी पण हसले होते. मला छान वाटलं होतं, हे कबूल करायला पाहिजे.

दुसऱ्या यादीत माझा नंबर लागला. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागद जमा करा, नाही तर जागा पुढच्याला, असं यादीखाली लिहिलं होतं. एक दिवस हाताशी ठेवून आम्ही दोघं त्याच दिवशी नांदेडला गेलो. खिडकीतल्या मॅडमनी सगळे कागद तपासले. टीसीपाशी त्या थांबल्या.

"ही प्लास्टिकमध्ये का घातली? मूळ टीसी आमच्याकडे जमा होते. मागं प्रवेशाची नोंद करून शिक्का मारावा लागतो."

"मारा की मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला, अंगठा फिरवला. सगळी शाई अंगठ्यावर. त्यांनी तो अंगठा मला दाखवला, रागानं नाही, उलट थोड्या कीवेनंच. "जुन्या कॉलेजातून दुसरी प्रत आण. उद्या पाचच्या आत."

आम्ही परतीची बस धरली. वारंगा फाट्याला बस बदलायची होती. तिथं आबांनी विचारलं, "चहा घेती का?" आणि माझा बांध फुटला.

"तुमाला कोणी सांगितलं होतं? काय कळतंय तुमाला त्यातलं? ह्याच्या पुढं माझ्या कागदाला हात लावायचा न्हाई!"

टपरीवरच्या दोघातिघांनी वळून बघितलं. आबांनी मान हलवली, जशी दुकानदार भाव सांगतो तेव्हा हलवायचे तशी. चहा त्यांनी एकट्यानं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यात आधी हजर. तिथले बडे बाबू माणूस चांगला, पण नियमाचा. म्हणाले, "दुसरी प्रत दोनच कारणांनी देता येते. टीसी हरवली असेल तर तसं प्रतिज्ञापत्र द्या. किंवा खराब झाली असेल तर ती आणून जमा करा. ही तर नव्यासारखी आहे." मग आवाज खाली आणून त्यांनी सुचवलं, "हरवली म्हणून लिहून टाका. सगळे तेच करतात."

मी पेन उघडलं. मला काय, पाच वाजायच्या आत नांदेड गाठायचं होतं. टीसीच काय, मी घरदार हरवलं म्हणून सुद्धा सही केली असती.

"हरवली कुठं? ही काय, टेबलावर हाय," आबा म्हणाले.

"आबा, गप बसा ना जरा!"

"खोटं लिहून शिकायला चालली व्हय? उद्या कोणी इचारलं, तर तकलीफ तुलाच व्हईल." आणि "मीच बिघडवली, मीच निस्तरतो," म्हणत टीसी घेऊन ते बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे पळाले. समोर रस्त्यापलीकडं इस्त्रीवाल्याचा गाडा होता. आबा त्याला म्हणत होते, "गरम कर आन्‌ दाब ह्याच्यावर. निघाली तर निघाली. न्हाई निघाली तर खराब झाली म्हणून लिहिता येईल. दोन्ही बराबरच."

इस्त्रीवाला घाबरला. माझ्याकडं बघायला लागला. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. त्यानं इस्त्री टेकवली. प्लास्टिक आक्रसलं, जळका वास आला, आबांनी नखानं कोपरा धरून ओढलं. निम्मी अक्षरं प्लास्टिकबरोबर गेली. माझी जन्मतारीख एका बाजूला, प्राचार्यांची सही दुसऱ्या बाजूला.

आबांनी दोन्ही तुकडे बाबूंच्या टेबलावर ठेवले. "आता खराब झाली. लिव्हा, साहेब."

बाबूंनी चष्मा काढून तुकडे पाहिले आणि नवा फॉर्म पुढं सरकवला. प्रत तयार झाली, पण प्राचार्य मीटिंगमध्ये होते. दीड वाजून गेल्यावर सही मिळाली. वारंग्याच्या अलीकडं एक ट्रक आडवा झालेला, गाड्यांची रांग लागलेली. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. आबा प्रतीकडं बघत होते, पण ती माझ्या मांडीवर होती आणि त्यांनी ती एकदाही मागितली नाही. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मॅडमनी शिक्का मारला. अंगठा फिरवला. शाई बसली होती. मला रडू आलं, आबांनी मान हलवली.

दोन वर्षांनी एम.एस्सी.ची पदवी घेऊन मी घरी आले. आबा नुकतेच मेंढरं कोंडून आले होते. पदवी आलीय म्हटल्यावर त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, पुढं झाले आणि मध्येच थांबले. दोन्ही हात पाठीमागं नेले.

"धरा ना आबा."

"नको माय. तूच म्हनली व्हतीस."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मला वारंग्याची टपरी आठवली, त्यांनी न घेतलेला चहा आठवला. मी खूप विनवलं, शपथ घातली. ते म्हणाले, "तुझं नाव कुठं हाय तेवढं दाव."

मी दाखवलं. आबांना वाचता येत नाही. त्यांनी पाठीमागचा एक हात पुढं आणला आणि माझ्या नावावरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं. सावकाश फिरवलं. बोट कागदापासून वीतभर वर होतं.